केडलस्टन हॉलची वास्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलकात्याचं राजभवन (आता लोकभवन) ज्या इंग्रजी घरावरून बेतलं, ते हे केडलस्टन. यूकेत राहणारी किंवा तिकडे फिरायला जाणारी मराठी मंडळी, आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि कर्झनचं नाव शाळेच्या पुस्तकातून ओळखणारे वाचक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

केडलस्टन हॉल कुठे आहे आणि कुणी बांधला?

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशर परगण्यात, डर्बी शहराच्या वायव्येला सहा-सात किलोमीटरवर. कर्झन घराणं तिथे बाराव्या शतकापासून आहे. आजचं घर बांधलं सर नथॅनियल कर्झन यांनी. १७५८ साली वडिलांच्या मागे इस्टेट हातात आली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जुनं, चांगल्या अवस्थेतलं विटांचं घर पाडायला काढलं. ते घर जेमतेम साठ वर्षांचं होतं. म्हणजे गरज होती म्हणून हे नवं घर झालं नाही, हौस आणि ईर्ष्या होती म्हणून झालं. त्याच परगण्यात चॅट्सवर्थला डेव्हनशरचे ड्यूक राहत. ते व्हिग पक्षाचे, कर्झन टोरी. आपल्या पक्षाचाही एक दिमाखदार वाडा परगण्यात असावा, हा हिशेब त्यात होताच. १७६१ मध्ये नथॅनियलना बॅरन स्कार्सडेल ही उमरावकी मिळाली.

याला घर म्हणायचं की राजवाडा?

इंग्लंडमध्ये 'कंट्री हाउस' म्हणजे जमीनदाराचं त्याच्या जमिनीवरचं मुख्य घर. राजघराण्याशी त्याचा संबंध असायलाच हवा असं नाही. आजूबाजूची शेतं, कुळं, जंगल, तळं या सगळ्याच्या मधोमध ते उभं असतं आणि त्या सगळ्याच्या उत्पन्नावर चालतं. आपल्याकडच्या इनामदाराच्या वाड्याची भूमिका साधारण हीच. फरक तोंडाचा आहे. वाडा आत, चौकाकडे बघतो आणि रस्त्याला जाड भिंत दाखवतो. केडलस्टन बाहेर बघतं आणि मैलभर लांबून दिसावं अशाच बेताने मांडलेलं आहे.

एकाच घराला तीन आर्किटेक्ट कशाला लागले?

लागले नाहीत, बदलले. १७५९ मध्ये काम मॅथ्यू ब्रेटिंगहॅमकडे होतं. त्याने ईशान्येची, कुटुंबाने राहायची विंग उभी केली. मग जेम्स पेन आला. स्वयंपाकघराची विंग आणि उत्तरेच्या दर्शनी बाजूचा आराखडा त्याचा. दरम्यान रॉबर्ट ऍडम नावाचा तिशीतला स्कॉटिश तरुण नुकताच इटलीहून परतला होता. त्याला आधी फक्त बागेतल्या छोट्या इमारतींचं काम दिलं होतं. पण त्याने आपली रेखाटनं दाखवली आणि मालक भाळला. १७६० मध्ये अख्खं घर ऍडमच्या हातात गेलं.

पेनचं काम हलक्या दर्जाचं होतं म्हणून तो गेला, असं मात्र समजू नका. उत्तरेची बाजू आजही मुळात त्याचीच आहे आणि ती भक्कम आहे. फॅशन बदलली, इतकंच. पेन ज्या शिस्तीत वाढला होता ती पॅलाडिओ या सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुविशारदाच्या पुस्तकांतून आलेली. ऍडम रोममधले अवशेष स्वतः मोजून, आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटला डायोक्लेशियन या रोमन बादशहाच्या राजवाड्याची मापं घेऊन आला होता. मालकाला नवा माल आवडला.

जागेवर रोजची देखरेख सॅम्युअल वायट करत होता. हे नाव लक्षात ठेवा, कोलकात्याला त्याचा पुतण्या भेटणार आहे.

घराचा आराखडा कसा आहे?

मध्ये मोठी चौकोनी इमारत आणि तिच्या चार कोपऱ्यांकडून निघालेल्या वक्र कॉरिडॉरच्या टोकांना चार लहान विंग. ही कल्पना आंद्रेआ पॅलाडिओच्या व्हिला मोचेनिगोवरून घेतली. पॅलाडिओने तो व्हिला कागदावर काढला आणि १५७० च्या आपल्या ग्रंथात छापला.

केडलस्टनला प्रत्यक्षात झाल्या उत्तरेच्या दोनच विंग: पूर्वेची कुटुंबासाठी आणि पश्चिमेची स्वयंपाक व नोकरचाकरांसाठी. दक्षिणेच्या दोन कागदावरच राहिल्या. त्यामुळे घराला एक गंमतशीर उणेपण आलं आहे. उत्तरेकडून आलात तर तीन इमारती हात पसरून उभ्या दिसतात, रुंदी सुमारे ३५० फूट. वळसा घालून दक्षिणेला गेलात की मधली इमारत एकटीच उभी. कडेला डोळा टेकायला काही नाही. काहींना हा दोष वाटतो. मला विचाराल तर झालं ते बरंच झालं. दक्षिणेची बाजू इतकी ताकदीची आहे की तिला शेजार नको.

उत्तर आणि दक्षिण बाजू दोन वेगळ्या घरांच्या का वाटतात?

कारण त्या दोन वेगळ्या डोक्यांतून आल्या आहेत. उत्तरेला पेनचा आराखडा: मधोमध सहा कॉरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब, त्यांवर त्रिकोणी शिखर, दोन्हीकडे सारख्या अंतरावर खिडक्या. देवळासारखं दर्शन, घरासारखी बैठक. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सभ्य माणसाच्या घराचं तोंड असंच असे.

दक्षिणेला ऍडमने रोममधली कॉन्स्टंटाइनची कमान उचलून घराच्या पोटावर बसवली. विजयी सेनापतीच्या मिरवणुकीची कमान एका इंग्रज जमीनदाराच्या बागेच्या दारावर! जवळ जाऊन बघा. चार खांब भिंतीला चिकटलेले नाहीत, पुढे सुटे उभे आहेत. प्रत्येकावरचा तुळईचा तुकडा भिंतीतून बाहेर येतो आणि त्यावर एकेक पुतळा. मागे बसका घुमट. खाली बागेत उतरणारा जिना दोन्ही हात बाहेर फाकवून वळतो. भिंत पुढे येते, मागे जाते, छप्पर चढतं, उतरतं. ऍडम या गुणाला 'मूव्हमेंट' म्हणायचा. सकाळच्या तिरप्या उन्हात तो समजतो. ढगाळ दुपारी, म्हणजे डर्बीशरमध्ये बहुतेक दुपारी, तो जरा शोधावा लागतो.

या कमानीवर लॅटिन लेख आहे: बॅरन स्कार्सडेल, इसवी सन १७६५, 'मित्रांसाठी आणि स्वतःसाठी'. मित्र आधी, स्वतः नंतर. घराचा सगळा आराखडा या क्रमाशी प्रामाणिक आहे. तो कसा, ते पुढे.

मार्बल हॉलमध्ये खरंच मार्बल आहे का?

मार्बल हॉल म्हणजे उत्तरेच्या दारातून आत आल्यावरचं पहिलं दालन. त्याच्या फरशीत इटालियन संगमरवराची जडणघडण आहे. पण लोक ज्यांच्याकडे बघत उभे राहतात ते वीस खांब संगमरवराचे नाहीत, अलाबास्टरचे आहेत. हा मऊ दगड शेजारच्या नॉटिंगहॅमशरमधून, घराण्याच्याच खाणीतून आणला. रंग एकसारखा नाही. फिकट दुधी अंगावर गुलाबी-तपकिरी शिरा, कुठे हिरवट झाक. प्रत्येक खांब २५ फूट उंच.

खांबांवरच्या उभ्या पन्हळी नीट बघा. खांब उभे राहिले तेव्हा ते गुळगुळीत होते. पन्हळी १७७० च्या दशकात, खांब जागेवर असतानाच कोरल्या. जरा विचार करा: छत डोक्यावर आलेलं, खांब वजन घेऊन उभे, दगड मऊ आणि शिरांचा. छिन्नी एकदा घसरली की खांब बदलता येत नाही. त्या गवंड्यांना मुजरा करावासा वाटतो. पन्हळी घालायचा निर्णय बरोबर होता का, यावर मात्र मतभेद होऊ शकतात. दगडाच्या शिरा इतक्या बोलक्या आहेत की त्यांवर उभ्या रेघा ओढल्या की डोळा दोन्हीकडे खेचला जातो.

या दालनाला खिडक्या नाहीत. उजेड फक्त वरून, छतातल्या काचेतून येतो. वाड्याच्या चौकावर छप्पर चढवून त्यात झरोके ठेवले तर जसं वाटेल, तसं इथे वाटतं. ही भावना चुकीची नाही, कारण ऍडमच्या डोळ्यांसमोर रोमन घरातला मधला चौकच होता. भिंतींतल्या कोनाड्यांत ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत आणि वर होमरच्या काव्यातले प्रसंग करड्या रंगात, दगडात कोरल्यासारखे रंगवलेले. छतावरचं गिलाव्याचं नक्षीकाम जोसेफ रोझ याच्या कारागिरांचं.

गोल सलूनचं एवढं कौतुक कशासाठी?

मार्बल हॉलमधून सरळ पुढे गेलं की आपण सलूनमध्ये, म्हणजे घराच्या मोठ्या गोल दालनात येतो. व्यास ४२ फूट, उंची ६२ फूट, वर घुमट आणि घुमटाच्या माथ्यावर काच. रोमच्या पॅन्थिऑन या घुमटाच्या प्राचीन देवळाची ही धाकटी पाती. आधीच्या दालनात खांबांची गर्दी, इथे एकही खांब मध्ये नाही. तिथे लांबट चौकोन, इथे वर्तुळ. दोन दालनांत फक्त एक दार, पण एवढा पालट की पाय आपोआप थबकतात.

एक मजेशीर गोष्ट. भिंतीत चार कोनाडे आहेत आणि त्यांत रोमन यज्ञवेदीसारख्या दिसणाऱ्या चार वस्तू. त्या वेदी नाहीत, ओतीव लोखंडाच्या शेगड्या आहेत. इंग्लंडच्या थंडीत ६२ फूट उंच दालन ऊबदार ठेवणं हे देवादिकांचंच काम, तेव्हा वेष तरी त्यांचा द्यावा, असं ऍडमला वाटलं असेल. पुतळ्यांची गॅलरी म्हणून योजलेलं हे दालन पुढे नाचासाठी वापरलं गेलं.

एवढ्या दालनांत कोण राहायचं?

कुणीच नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण या घराइतकी दुसऱ्या कुठल्या इमारतीला लागू होत नसेल. कुटुंब राहायचं पूर्वेच्या विंगमध्ये, बेताच्या उंचीच्या, शेकोटीने तापणाऱ्या खोल्यांत. मधली इमारत पाहुण्यांसाठी, चित्रांसाठी, पुतळ्यांसाठी. तिच्या पूर्वेला संगीताचं दालन, दिवाणखाना आणि ग्रंथालय. पश्चिमेला भोजनगृह आणि बड्या पाहुण्याच्या मुक्कामाची शयनगृहं. राजाराणी येतील अशा तयारीने बांधलेला पलंग तिथे आहे. त्याचे चारही खांब ताडाच्या झाडांचे, मुळांपासून झावळ्यांपर्यंत कोरून सोन्याने मढवलेले.

घर पुरं व्हायच्या आधीपासून ते लोकांना दाखवलं जात होतं. मिसेस गार्नेट नावाच्या हाउसकीपर बाई सभ्य वेषातल्या कुणालाही फिरवून आणत आणि त्यांच्या हातात चित्रांची छापील यादी असे. त्या यादीसकट त्यांचं तैलचित्र घरात आहे. मालकांच्या चित्रांच्या रांगेत नोकरीतल्या बाईचं चित्र ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १७७७ मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन हे घर बघायला आले. त्यांचं मत पडलं की याचं टाउन हॉल छान होईल: खांबांच्या दालनात न्यायाधीश बसवा, गोल दालनात ज्युरी, वर कैदी. शेरा खवचट खरा, पण नेम अचूक. घराचं सार्वजनिक असणं त्यांनी एका फेरीत ओळखलं.

स्वयंपाकघर इतकं लांब का?

आग आणि वास. दोन्ही मुख्य इमारतीपासून लांब ठेवायचे. म्हणून ते पश्चिमेच्या विंगमध्ये आणि म्हणूनच भोजनगृहही मधल्या इमारतीच्या पश्चिम अंगाला. तरी ताट वक्र कॉरिडॉरमधून आणायचंच. कुटुंबाच्या विंगमध्ये जेवण न्यायचं तर घराची अख्खी रुंदी ओलांडायची. गरम सूप हे त्या घरातलं दुर्मीळ सुख असणार. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर एक ताकीद कोरलेली आहे, तिचा आशय असा: नासाडी केली नाहीत तर टंचाई होणार नाही. वर अलाबास्टरचे वीस खांब, खाली ही ताकीद. इस्टेटवाल्यांचा काटकसरीचा सल्ला नेहमी खालच्या मजल्याला असतो.

फर्निचरसुद्धा ऍडमचंच आहे का?

काही त्याच्या रेखाटनांवरून, काही इतरांचं. पण त्याचा आग्रह असा की छताची नक्षी, गालिचा, शेकोटीची चौकट, दाराची मूठ, सगळं एका हातचं वाटावं. दिवाणखान्यातले मोठे सोफे जॉन लिनेल या कारागिराचे आहेत. हातांच्या जागी सोनेरी जलपऱ्या आणि जलपुरुष. बसायला किती सुखाचे असतील कोण जाणे, बघायला जबरदस्त.

घराभोवतीचं माळरान आणि तळं नैसर्गिक आहे का?

नाही, तेही बांधलेलंच. ओढ्याला बांध घालून तळं केलं, पाणी पायऱ्यांवरून उतरवलं, त्यावर ऍडमने तीन कमानींचा दगडी पूल टाकला. काठावर त्याचीच मासेमारीची छोटी इमारत आहे. वर बसून गळ टाकायची खोली, खाली थंड पाण्याचं स्नानगृह आणि बाजूला होड्या ठेवायची जागा. घराकडे येणारा रस्ता असा वळवला आहे की पुलावर येईपर्यंत घर पुरतं समोर येत नाही.

आणि हे सगळं करताना गाव आडवं आलं. केडलस्टन गाव घराच्या अगदी जवळ होतं. ते उठवून लांब वसवलं, हमरस्ताही हलवला. राहिलं फक्त चर्च. देवाच्या आणि पूर्वजांच्या थडग्यांच्या जागेला हात लावणं बरं दिसलं नसतं. आज हे मध्ययुगीन चर्च घराच्या पाठीला चिकटून, जवळजवळ लपून उभं आहे. माहिती नसेल तर चुकतं, तेव्हा आठवणीने बघा. या घराच्या सौंदर्याची किंमत कुणी चुकवली ते तिथे उभं राहिलं की कळतं, कारण चर्च आहे आणि त्याच्या भोवतीचं गाव नाही.

हे घर भारतातून लुटलेल्या पैशांवर बांधलं का?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर नाही असंच आहे. १७५९ मध्ये या घराण्याचा पैसा मुख्यतः इंग्लंडमधल्या जमिनींचा होता. भारतातून पैसा करून परतलेल्या 'नबाबां'ची घरं वेगळी आहेत. सरेमधलं क्लेरमाँट रॉबर्ट क्लाइव्हने बांधलं. बर्कशरमधलं बेसिल्डन पार्क फ्रान्सिस साइक्सचं. ग्लॉस्टरशरमधल्या सेझिनकोटवर तर मुघल धाटणीचा घुमटच आहे. केडलस्टनचा भारताशी संबंध आला तो पैशातून नव्हे, आराखड्यातून.

कोलकात्याचं राजभवन म्हणजे केडलस्टनची हुबेहूब नक्कल ना?

हुबेहूब नाही, पण नातं पक्कं. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीला व्यापारी कंपनीचा कारभारी म्हणून राहायचं नव्हतं, राज्यकर्ता म्हणून मिरवायचं होतं. त्याने १७९९ मध्ये काम काढलं आणि १८०३ मध्ये ते पुरं झालं. आराखडा बंगाल इंजिनीअर्सच्या चार्ल्स वायटचा, म्हणजे केडलस्टनवर देखरेख करणाऱ्या सॅम्युअल वायटच्या पुतण्याचा. काकाच्या कामाचे नकाशे घरातलेच म्हणायचे.

साम्य सांगाड्यात आहे: मध्ये मोठी इमारत, वक्र कॉरिडॉर, टोकांना विंग. फरक असा की केडलस्टनला ज्या चार विंग कागदावर होत्या त्या कोलकात्याला चारही झाल्या. मूळ घर अपुरं आणि प्रत पुरी! शिवाय बंगालच्या उकाड्यात या रचनेला नवा अर्थ आला. डर्बीशरमध्ये लांब पसरलेल्या विंग म्हणजे गारठा आणि थंडगार जेवण. कोलकात्याला त्याच विंगमधून चारही बाजूंनी वारा खेळतो. दगडाऐवजी वीट आणि चुन्याचा गिलावा आला, उन्हासाठी खांबांचे व्हरांडे आले. माझ्या मते आराखडा म्हणून कोलकात्याची इमारत जास्त शहाणी आहे. आतल्या दालनांच्या नजाकतीत ती केडलस्टनच्या जवळपासही येत नाही.

मराठी वाचकाला इथे तारखा टोचतील. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली. त्या लढाईत इंग्रज फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, या गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ. मराठी सत्तेवर घाव पडत होते त्याच सुमाराला कोलकात्यात हा प्रासाद पुरा होत होता. खर्चाचा आकडा पाहून लंडनमधले कंपनीचे संचालक मात्र भयंकर चिडले.

बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन याच घरातला का?

हो. जॉर्ज नथॅनियल कर्झन १८५९ मध्ये केडलस्टनलाच जन्मला आणि १८९९ ते १९०५ भारताचा व्हाइसरॉय होता. आपल्या घराच्या आराखड्यावर बेतलेल्या सरकारी घरात मुक्काम करण्याचा योग इतर कुठल्या व्हाइसरॉयला आला नाही. त्याच्या फाळणीच्या संतापात १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. आणि याच माणसाने १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा आणला. जुन्या इमारतींची त्याला खरीखुरी ओढ होती, माणसांच्या मतांची तेवढी नव्हती. १९१६ मध्ये वडिलांच्या मागे केडलस्टन त्याच्याकडे आलं आणि त्याने त्याची डागडुजी केली.

पूर्वेकडून त्याने नेलेल्या वस्तूंचं संग्रहालय घराच्या खालच्या मजल्यावर आहे. त्याची पत्नी मेरी हिचा १९०३ च्या दिल्ली दरबारातला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही केडलस्टनचाच. जरदोजीचं काम भारतीय कारागिरांचं, शिवण पॅरिसची. चर्चमध्ये दोघांची संगमरवरी थडगी आहेत.

आता मालकी कुणाची?

१९८७ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेची. वारसा करांच्या ओझ्याखाली अशी कितीतरी घरं विसाव्या शतकात पाडली गेली, त्यामानाने हे नशीबवान. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या ताब्यात होतं, शत्रूचे बिनतारी संदेश टिपायचं काम इथून चाले. वेळा आणि तिकिटं ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघून निघा. घर आणि बागेचे दिवस सारखे नसतात.

डर्बीशरमध्ये एकच दिवस आहे. चॅट्सवर्थ, हार्डविक की केडलस्टन?

लहान मुलं आणि आजीआजोबा बरोबर असतील तर चॅट्सवर्थ. बाग, कारंजी, खाणंपिणं, सगळ्यांचा दिवस भरतो. खिडक्यांचं वेड असेल तर हार्डविक. ते १५९० च्या दशकातलं, भिंतीपेक्षा काच जास्त म्हणून गाजलेलं. एका आर्किटेक्टचं डोकं छतापासून सोफ्यापर्यंत कसं चालतं ते बघायचं असेल तर केडलस्टन. तिथे गर्दीही कमी असते. पोचल्यावर लगेच आत शिरू नका. आधी दक्षिणेच्या बाजूला चक्कर मारून या, मग उत्तरेकडून आत जा.